तोकुजीरावांचे घरातले बूट

"घरात माणूस पडतो म्हणजे काय? घर काय चालत असतं का?"

असं तोकुजीराव आगात्सुमा हे आपल्या गावच्या सभागृहात, गावातल्या यच्चयावत म्हाताऱ्यांसमोर, छाती पुढे काढून म्हणाले. निमित्त होतं 'न पडण्याच्या वर्गा'चं. जपानातल्या यामागाताच्या डोंगरात हिवाळा लागला की बर्फ खिडक्यांपर्यंत चढतं, रस्ते गुळगुळीत होतात आणि म्हाताऱ्या माणसाने बाहेर फिरायला जाणं म्हणजे स्वतःहून हाडवैद्याचं दार ठोठावणं. म्हणून घरातल्या घरात चालायचं कसं, ते शिकवायला आरोग्य केंद्राने उएमात्सु नावाची एक मुलगी नेमली होती. वयाने ती बऱ्याच जणांच्या नातीएवढी होती, पण सगळे तिला बाई म्हणत आणि हात वर केल्याशिवाय तिच्यासमोर तोंड उघडत नसत. तोकुजीरावांनी हात वर केला नव्हता.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. उभं आयुष्य त्यांनी डोंगरातली एका डब्याची गाडी चालवली. वादळात चालवली, डोक्याएवढ्या बर्फातून चालवली, पण एकदा चाक रुळावरून खाली उतरलं नाही. असा माणूस आता स्वतःच्या पडवीत घसरणार?

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आगात्सुमासान, म्हातारी माणसं बाहेरपेक्षा घरातच जास्त पडतात. तुम्ही गाडी चालवत होतात, तेव्हा रुळांवर सतरंजी, विजेची वायर आणि कुणाच्या तरी सपाता पडलेल्या असायच्या का?"

सभागृह हसलं. तोकुजीराव खाली बसले.

खरं म्हणजे छाती पुढे काढण्याची त्यांची ऐपतच नव्हती. आदल्या हिवाळ्यात ते फाटकाजवळच्या बर्फावर असे आपटले होते की उजवं मनगट मोडलं. लांबच्या साइतामाहून त्यांची एकुलती एक मुलगी चिहारु आली. तिने प्लास्टर पाहिलं, घर पाहिलं, आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि अट घातली. पुन्हा एकदा पडलात, किंवा डोकं जरा जरी जाग्यावर नाही असं दिसलं, तर माझ्या घराजवळ चांगला वृद्धाश्रम आहे, तिथे खोली घ्यायची. तोकुजीरावांनी अट मान्य केली. हात गळ्यात बांधलेला असताना माणसाला वाद घालता येत नाही.

पण घर सोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. घराच्या मागून अजून ती एका डब्याची गाडी जायची, आणि ती गेली की त्यांना दिवस पुढे सरकल्यासारखा वाटायचा. आतल्या खोलीत देव्हाऱ्यात सुमिएचा फोटो होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्या घरात त्यांना एकटं वाटत नव्हतं. साइतामात मुलीच्या शेजारी राहून मात्र नक्की वाटलं असतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण मुलीला ते लागलं असतं.

तर या हिवाळ्यात पडायचं नाही आणि पाय आखडूही द्यायचे नाहीत, असा त्यांनी चंग बांधला. विजेची शेगडी लावलेल्या, पांघरुणाच्या गरम मेजाखाली पाय घालून वसंत ऋतूपर्यंत बसून राहिलं, तर वसंतात उठायला दोन माणसं लागतात, हे त्यांनी शेजारीपाजारी पाहिलं होतं. चालायचं, पण घरात. आणि चालायचं तर रेल्वेच्या शिस्तीत चालायचं.

मार्ग ठरला. पुढच्या दारापासून बागेच्या कडेने गेलेली काचांची लाकडी पडवी, पडवीच्या टोकाला स्वयंपाकघर, तिथे मेजाला एक वळसा, आणि परत. वाटेतली सतरंजी गुंडाळली. गरम मेजाची वायर भिंतीच्या कडेने नेऊन चिकटवली. दम लागला तर टेकायला मधे एक खुर्ची ठेवली, दिव्याचा बल्ब मोठा लावला आणि फोन कमरेच्या पिशवीत टाकला. सर्वात धोक्याची जागा स्वयंपाकघरात होती. तिथे जमिनीतच लोणच्यांच्या बरण्या ठेवायचा खोल खण होता. त्याचं झाकण कायम बंद राहील अशी त्यांनी स्वतःला सक्त ताकीद दिली.

एवढं सगळं करून पहिल्याच फेरीत ते पडता पडता वाचले, ते सपातांमुळे!

पडवीत सपाता. देव्हाऱ्याच्या खोलीत तातामीच्या गवती चटया, म्हणजे सपाता उंबऱ्याबाहेर काढून नुसते मोजे. परत पडवीत आलं की पुन्हा सपाता. मधेच संडासला गेलं तर संडासच्या वेगळ्या सपाता, आणि त्या तिथेच सोडून पुन्हा पहिल्या. तोकुजीरावांच्या लक्षात आलं, की आपण चालतोय कमी आणि एका पायावर उभे राहून दुसरा पाय सपातेत खुपसतोय जास्त. तसंच खुपसता खुपसता तोल गेला. चौकट हाताशी होती म्हणून निभावलं. सपाता काढून नुसत्या मोज्यांनी चालून पाहिलं, तर पाय पुढे आणि बाकीचे तोकुजीराव मागे.

शेवटी वर्ग सुटल्यावर सगळे गेल्याची खात्री करून त्यांनी बाईंना गाठलं.

"बूट घाला," बाई म्हणाल्या.

"बाहेर जायचं नाहीये मला. घरातलं विचारतोय."

"घरातच. टाच धरणारे, खाली रबर असलेले, पट्टीचे. नवे कोरे घ्या आणि बाहेर कधी नेऊ नका, म्हणजे झालं. सपाता आणि मोजे, दोन्ही घसरतात."

बाई हे अगदी 'कोशिंबिरीत मीठ घाला' अशा थाटात बोलल्या. तोकुजीरावांच्या मात्र कानाच्या पाळ्या तापल्या. घरात बूट! लहानपणी एकदा ते जोड्यांसकट पडवीत फक्त एक पाऊल चढले होते, तर आईने त्यांना जेवणापर्यंत अंगणात उभं केलं होतं. तेव्हापासून या घरात जोडे घालून कोणी आत आलेलं नव्हतं. भूकंपात पळालेले लोकसुद्धा परत येताना दारात जोडे काढून आत आले होते.

पण एकीकडे आईची शिकवण आणि दुसरीकडे साइतामाचा वृद्धाश्रम. तोकुजीरावांनी गाडी पकडली आणि ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा पुढच्या गावातून बूट आणले. दुकानातल्या मुलीने बाहेर घालायचे ना, असं विचारलं, तर हो म्हणून ठोकून दिलं. घरी आल्यावर नव्या कोऱ्या बुटांचे तळवे न्हाणीत साबणाने घासले, पुसले, पुन्हा घासले. मग ते देव्हाऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि बूट वर धरून फोटोला दाखवले.

"जमिनीला लागलेले नाहीत," ते म्हणाले. "आणि तातामीवर आणणार नाही. शपथ."

सुमिए हसत होती, पण फोटोत ती पहिल्यापासूनच हसत होती.

बूट पायात आले आणि काय सांगावं, तोकुजीरावांची गाडी एकदम सुरळीत सुटली. तेवढ्यात एक नवी अडचण आली. बाईंनी एक हात भिंतीजवळ ठेवायला सांगितलं होतं, पण देव्हाऱ्याच्या खोलीची दारं कागदाची. बोटं लागून कागद मळायला लागला. मग त्यांनी कपाटातून नोकरीतले पांढरे हातमोजे काढले. ते हातात चढले मात्र, आणि तोकुजीरावांचं बोट आपोआप उठलं. गाडीवर असताना रोजची रीत होती: डोळ्यांनी पाहिलं ते बोट रोखून दाखवायचं, आणि बोटाने दाखवलं ते मोठ्यांदा म्हणायचं. त्याने चूक होत नाही. तोकुजीरावांच्या हातून उभ्या आयुष्यात झाली नव्हती, ती त्यामुळेच.

"पुढे उंबरा. ठीक."

"डावीकडे भिंत. ठीक."

"खणाचं झाकण. बंद."

देव्हाऱ्याच्या दारात ते दर फेरीला थांबत, टोपी नसली तरी टोपीला हात लावत आणि फोटोला सांगत, "गाडी वेळेवर आहे." मग पुढे निघत. यात हसण्यासारखं काय आहे? एकही कृती अशी नव्हती, की जिला सुरक्षिततेचं सबळ कारण नव्हतं. फक्त ती सगळी कारणं तोकुजीरावांच्या डोक्यात होती आणि काचेतून डोकं दिसत नाही, बूट दिसतात.

काचेतून पाहणाऱ्या होत्या शेजारच्या फुसाएबाई होन्मा. त्या एरवी हे करू शकल्या नसत्या. मधे उंच कुंपण होतं. पण हिवाळ्यात लोक आपापल्या अंगणातलं बर्फ कुंपणाशी लोटतात, त्याची टेकडी होते आणि फावडं घेऊन त्या टेकडीवर चढलेली बाई शेजाऱ्याच्या पडवीत नाटक पाहायला बसल्यासारखी सरळ बघू शकते. फुसाएबाईंना पहिल्यांदा वाटलं, आगात्सुमासान बाहेर निघालेत. मग वाटलं, बाहेरून आलेत आणि बूट काढायचे विसरलेत. मग ते पुन्हा आले. पुन्हा गेले. पांढरे हातमोजे घालून, रिकाम्या भिंतीवर बोट रोखून, काहीतरी ओरडत! फुसाएबाईंच्या हातातलं फावडं टेकडीवरून खाली गेलं.

फुसाएबाई चांगल्या मनाच्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचंही शेवटी असंच सुरू झालं होतं. तो सकाळी उठून बंद पडलेल्या गिरणीत कामाला जायला निघायचा. तेव्हा आपण लवकर ओळखलं नाही, ही बोच त्यांना अजून होती. म्हणून त्या लगेच लाल सलगमाच्या लोणच्याची वाटी घेऊन शेजारी गेल्या आणि बेल वाजवली.

आत तोकुजीरावांची पाचावर धारण बसली. त्यांनी पट्ट्या ओरबाडून बूट काढले आणि ते अंगातल्या जाड बंडीखाली पाठीशी कोंबून दारात आले.

फुसाएबाईंनी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज वार कोणता हो? माझ्या मेलीच्या लक्षातच राहत नाही."

"मंगळवार," तोकुजीराव म्हणाले. गुरुवार होता. निवृत्त माणसाला सगळे वार सारखेच, पण हे फुसाएबाईंना कोण सांगणार.

"आणि काय करत होतात आता?"

"कुठे काय. पेपर वाचत बसलो होतो."

आजचा पेपर दारातच, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, दोघांच्या मधे पडला होता. फुसाएबाईंनी तो हळूच उचलून त्यांच्या हातात दिला. हात पांढऱ्या हातमोज्यातच होता. मग वाटीही दिली. तोकुजीराव वाकून आभार मानायला गेले, तर पाठीवरचा एक बूट सरकायला लागला, म्हणून ते वाकले तसेच, अर्धवट, कुबड काढून उभे राहिले. फुसाएबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी घरी जाऊन साइतामाला फोन लावला.

चिहारुचा आधी विश्वास बसेना. वडील घरात बूट घालतात? तिने त्यांना ताटाखाली रुमाल नसला तरी जेवायचं थांबलेलं पाहिलं होतं. तिने लगोलग वडिलांना फोन केला. तोकुजीराव तेव्हा स्वयंपाकघरातल्या वळणावर होते. कमरेची पिशवी वाजली.

"काय करताय, बाबा?"

"बसलोय," तोकुजीराव धापा टाकत म्हणाले.

"बाबा, खरं सांगा. तुम्ही घरात बूट घालून फिरता का?"

तोकुजीरावांनी खाली पाहिलं. खरं सांगायची ही उत्तम वेळ होती. बाईंचं नाव घेतलं असतं तरी भागलं असतं. पण पोटच्या मुलीला 'हो, मी घरात बूट घालतो' असं सांगायला जीभ रेटेना, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"मी? बूट? घरात? मला काय वेड लागलंय?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पाचच मिनिटांनी फुसाएबाईंनी टेकडीवरून साइतामाला कळवलं, की आत्ताही बूट पायातच आहेत, हातमोजेही आहेत, आणि आता ते दाराला नमस्कार करतायत. चिहारुने ते ऐकलं आणि खुर्चीत बसली. याचा अर्थ वडील खोटं बोलत नव्हते. आपल्या पायात काय आहे, हे त्यांना कळतच नव्हतं. ती थोडा वेळ रडली, मग डोळे पुसून तिने वृद्धाश्रमात फोन केला आणि खोली राखून ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी वडिलांना तिने फक्त 'उद्या येते' एवढंच कळवलं. पण त्या आवाजातला गोडवा तोकुजीरावांना नेमका कळला. वरिष्ठ साहेब अचानक तपासणीला यायचे, तेव्हा आदल्या दिवशी असेच गोड बोलायचे.

आता खरं सांगायची वेळही गेली होती. आज बुटांची कबुली द्यायची, तर काल फोनवर खोटं का बोललात, हा प्रश्न आलाच. त्यांनी देव्हाऱ्यासमोर बसून दोन-तीन वेळा कबुलीची तालीम केली. एकदाही ती 'बूट' या शब्दाच्या पुढे गेली नाही. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. घर असं लखलखीत ठेवायचं, की इथे राहणाऱ्या माणसाच्या डोक्याविषयी शंकाच येऊ नये.

सुमिए असताना पडवी तांदळाच्या कोंड्याने घासत असे. कापडी पिशवीत कोंडा भरायचा आणि लाकडावर रगडत जायचं. त्यातलं तेल मुरून फळ्या अशा चमकतात की त्यात बागेतलं झाड दिसतं. ती गेल्यापासून कोणी घासली नव्हती. तोकुजीरावांनी तिची पिशवी शोधली, कोंडा भरला आणि गुडघ्यांवर बसून संध्याकाळपर्यंत अख्खी पडवी रगडून काढली. उठून पाहिलं तर दिवा फळ्यांत दिसत होता. त्यांना गहिवरून आलं. न पडण्याच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी चकाकत्या जमिनीविषयी काय सांगितलं होतं, ते त्या क्षणी आठवण्यासारखी मनःस्थिती नव्हती.

राहिले बूट. चिहारु आली की सगळी कपाटं उघडून बघते, हे त्यांना माहीत होतं. एकच जागा ती कधी उघडत नसे: स्वयंपाकघरातला लोणच्यांचा खण. तो वास तिला लहानपणापासून सोसत नव्हता. ती दुपारच्या गाडीने येणार, गाडी मागून जाताना दिसणार, मग स्टेशनवरून चालत यायला तिला वेळ लागणार, तेवढ्यात बूट खणात. हिशोब चोख होता. चूक एकच झाली. आपल्या घरातलं माणूस आपली गाडी सोडून टॅक्सीने येईल, हे आगात्सुमा चालकाच्या स्वप्नातही आलं नाही.

बुलेट ट्रेनमधून उतरल्यावर चिहारुने डोंगरातल्या गाडीची वाट न बघता टॅक्सी केली होती. ती फाटकाशी उतरली तेव्हा गाडी नुकतीच मागून गेली होती आणि तोकुजीराव खणाचं झाकण उघडून, जमिनीवर पालथे झोपून, छातीपर्यंत आत गेले होते. सगळ्यात मागच्या बरणीआड बूट लपवायचे म्हणजे तेवढं आत जावंच लागतं. फुसाएबाई फाटकाशी वाटच पाहत होत्या. दोघी आधी टेकडीवर चढल्या आणि काचेतून पाहू लागल्या.

पडवी रिकामी होती. पडवीच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारातून दिसत होते ते जमिनीवर आडवे पडलेले दोन पाय. मोजे घातलेले. हलत नव्हते.

"बाबा!" चिहारु ओरडली आणि धावली.

पुढचं सगळं फार पटकन झालं. दार उघडंच होतं. ज्या दारात तिच्या पणजोबांपासून प्रत्येकाने जोडे काढले, त्या दारातून ती गुडघ्यापर्यंतच्या बर्फाच्या बुटांसकट पडवीत चढली. तळव्यांना बर्फ चिकटलेलं, आणि खाली सुमिएच्या पद्धतीने घासलेल्या फळ्या! तिने फक्त दोन पावलं टाकली. तिसरं पाऊल पडवीनेच टाकलं. खुर्चीला वळसा घालून ती बसल्या बसल्या पुढे गेली, देव्हाऱ्याच्या खोलीच्या उघड्या दारातून आत वळली, उंबऱ्याला एक पाय अडकला, आणि ती तातामीवरून सरकत आईच्या फोटोसमोर जाऊन थांबली. मागून आलेल्या फुसाएबाईंनी शहाणपणाने पहिल्याच खांबाला मिठी मारली आणि सोडली नाही. जोडे त्यांच्याही पायात होते.

धडाम आवाज ऐकून तोकुजीराव खणातून बाहेर आले. पडवीतून मुलीचं कण्हणं ऐकू आलं. पण नोकरीत एक गोष्ट हाडीमाशी भिनली होती. अपघात झाला की धावायचं नाही. धावलं की दोन होतात. ते जमिनीवर बसले. हातातले बूट पायात चढवले. पट्ट्या लावल्या. खणाचं झाकण बंद केलं.

"झाकण. बंद," त्यांचा आवाज आला. "उजवीकडे भिंत. ठीक. पुढे पाणी. सावकाश."

चिहारु कण्हायची थांबली. भिंत धरून, बोट रोखत, एकेक पाऊल टाकत तोकुजीराव देव्हाऱ्याच्या दारात येऊन उभे राहिले. मुलगी शुद्धीवर आहे, हातपाय हलवते आहे, हे पाहिल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. मग ते खाली वाकले, बूट काढले, उंबऱ्याबाहेर बाजूबाजूला नीट लावून ठेवले, मोज्यांनी तातामीवर आले. आणि तेव्हा त्यांची नजर मुलीच्या पायांकडे गेली.

तातामीवर बर्फाचे बूट होते. त्यांच्याखाली मळकं पाणी पसरत होतं. तोकुजीराव तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले, तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि अतिशय हळुवारपणे विचारलं, "चिहारु, आज वार कोणता?"

चिहारुने तोंड उघडलं. स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, आईच्या फोटोकडे पाहिलं, आणि मिटलं. तिला खरंच आठवेना.

"शनिवार," फुसाएबाई खांबावरून म्हणाल्या.

घोटा मोडला नव्हता, पण चांगलाच मुरगळला होता. बर्फ ओसरेपर्यंत प्रवास नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच संध्याकाळी बातमी ऐकून उएमात्सु बाई स्वतः आल्या आणि बुटांचा सगळा उलगडा झाला. बूट मीच घालायला सांगितले, बोटाने दाखवत चालायची कल्पना मात्र त्यांची, आणि ती उत्तम आहे, पुढच्या वर्गात मी सगळ्यांना शिकवणार आहे, असं त्या म्हणाल्या. फुसाएबाईंनी तेवढ्यात सांगून टाकलं, की मला तेव्हाच वाटलं होतं. मग बाईंनी पडवीवरून एक बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि तोकुजीरावांकडे पाहिलं. त्यांनी हात वर केला.

"कोंडा," ते म्हणाले. "चूक झाली."

रात्र झाली. चिहारु पाय उशीवर ठेवून पडली होती. मला भीती वाटली होती, एवढंच ती म्हणाली. तोकुजीरावांनी तिच्यापुढे भाताची पेज ठेवली आणि मलाही, असं म्हणाले. फुसाएबाईंचं लोणचं दोघांनी मिळून संपवलं. सकाळी त्यांनी गरम पाण्याने पडवी धुऊन काढली आणि सुमिएची माफी मागितली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी चिहारुला थोडं थोडं चालायला सांगितलं. बाहेर बर्फ. मग कुठे चालणार? सपाता सुजलेल्या पायात टिकेनात, मोजे घसरत. फुसाएबाई पुढच्या गावी जाऊन तिच्या मापाचे बूट घेऊन आल्या. त्यांचे तळवे तोकुजीरावांनी स्वतः घासले. दारांचा कागद मळू नये म्हणून हातमोजे दिले. पहिल्या दिवशी चिहारुने बोट दाखवायला साफ नकार दिला. पण चालकाच्या घरात गाडी चालायची तर नियमाने, असं म्हणून तोकुजीराव मधल्या खुर्चीत ठाण मांडून बसले, आणि तिसऱ्या दिवशी ती "पुढे उंबरा, ठीक" असं आपणहून म्हणाली. फुसाएबाई रोज टेकडीवरून हात हलवत.

अशीच ती एकदा स्वयंपाकघराच्या वळणावर होती, तेव्हा कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. वृद्धाश्रमातून होता. तिकडच्या बाई फार अदबीने बोलत होत्या. खोली तयार आहे, खिडकीतून बाग दिसते, म्हणाल्या. पण वडिलांना आणण्याआधी तब्येतीची माहिती ताजी करून घ्यायची आहे. मागे तुम्ही सांगितलं होतं, की घरात बूट आणि हातमोजे घालून, भिंतीवर बोट दाखवत फेऱ्या मारण्याचा प्रकार आहे. तो अजून चालू आहे का?

चिहारुने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. खुर्चीतून तोकुजीराव तिच्याकडेच बघत होते. खोलीचा विषय निघालाय हे त्यांना चेहऱ्यावरून कळलं होतं, आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते.

"हो, रोज चालू आहे," ती वडिलांकडे बघत म्हणाली. "पण वडिलांना इथेच राहू दे. सध्या तो प्रकार मी करते."

 मग त्या बाई पहिल्यापेक्षाही मऊ आवाजात म्हणाल्या, "बरं, बरं. काळजी करू नका हं. मग ती खोली तुमच्या नावावर करू का?"